मृदुलासाठी तीन शुक्रवार

सगुणामावशी,

मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी दोन ते तीनचा तास रिकामा गेला. आपली साखळी प्रार्थना सकाळी सहाला सुरू होते आणि संध्याकाळी सहाला संपते. बारा घरं, बारा तास. एकानं उठायचं आणि लगेच दुसऱ्यानं गुडघे टेकायचे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, हा मीच घालून दिलेला नियम. हॉलवर पत्रे आहेत. दोनच्या सुमाराला केजचं ऊन त्या पत्र्यांवर असं काही बसतं की खाली उपाशी पोटी गुडघे टेकणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. तो तास कुणी मागून घेत नाही. तुम्ही तो एकोणीस वर्षं घेतलात. तुम्हाला माती देऊन दोनच दिवस झाले होते आणि तो तास आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवा, हे मंडळीचा पास्टर असून मला सुचलं नाही. दोनला एलिशा उठून घरी गेला. तीनला दीनाबाई आल्या, तर हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

तुमच्या दफनाच्या वेळी मी जे बोललो ते तुम्ही ऐकलं असतं तर तोंडाला पदर लावून हसला असता. दवाखान्यात आया म्हणून केलेली नोकरी, घाटनांदूरहून केजला येऊन राहणं, विश्वासू बहीण, प्रार्थनेची योद्धी. सगळं खरं आणि सगळं कुणाबद्दलही बोलता येईल असं. जे बोलायचं होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. ते दफनानंतर तासाभरात कळलं. म्हणून आता लिहितो आहे.

तुम्ही मला कधीच फारसं मानलं नाही, मावशी, आणि मला ते आवडायचं नाही, हे आधी कबूल करतो. बाकीची मंडळी माझ्याशी बोलताना आवाज खाली घेते. तुम्ही तहसीलसमोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात यायचात, "सलाम पास्टर" म्हणून स्टुलावर बसायचात, समोरच्या टपरीवरून परस्पर चहा सांगायचात, आणि मागच्या रविवारच्या प्रवचनात कुठं काय चुकलं ते काढून दाखवायचात. माझी प्रवचनं तुम्हाला पाठ होती. जगाच्या गोष्टी हा माझा आवडता विषय. आधी सिनेमा होता, मग सिरियल आल्या, मग ऑर्केस्ट्रा आणि डीजे, अलीकडे रील. शत्रू आता पडद्यातून घरात येतो, असं मी म्हणायचो. शत्रूला यायला दार लागत नाही, रिमोट लागतो, हे वाक्य तर मंडळीतल्या पोरांनी मागे वाजणारं संगीत लावून मोबाइलवर फिरवलं, आणि किती जणांनी बघितलं ते मी दिवसातून चारदा बघत होतो. ते तुमच्या लगेच लक्षात आलं.

"पास्टर, रीलवर बोललेली तुमची रील लई चालली म्हने."

"ते वचन आहे, मावशी. वचन कुठूनही जाऊ द्या."

"मग सिरियलमधून कावून जाऊ देत न्हाई?"

मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही नुसती गंमत करता आहात.

करुणाचं नाव तुम्ही त्या स्टुलावर बसून, एकदा सोडलं तर, कधी काढलं नाहीत, म्हणून मीही काढलं नाही. तुमची एकुलती एक मुलगी. आपल्या हॉलमध्ये तिच्यासारखा गळा ना तिच्या आधी होता ना तिच्यानंतर झाला. ती उपासनेत गायची तेव्हा रस्त्यावरून जाणारे लोक दाराशी थांबायचे. मग एके दिवशी ती बीडच्या एका ऑर्केस्ट्रात गेली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, हळदीला, जत्रेला गाणी म्हणायची, आणि गाताना नाचायचीही. मी तिला बोलावून समजावलं. ती म्हणाली, "पास्टर, गळा तोच हाय." मी म्हणालो, दोन धन्यांची चाकरी होत नाही. महिन्याभरानं मी सभासदांच्या रजिस्टरमधून तिचं नाव काढलं आणि प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस तिला बंद केला. तुम्ही बाकावर बसून होतात. मान खाली नव्हती, रडलाही नाहीत.

पुढच्याच शुक्रवारी, ज्यांच्यासाठी प्रार्थना हवी त्यांची नावं आपण टाकतो त्या डब्यात तुमची चिठ्ठी होती. तुमचं ते मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. "करुणा. सुखरूप राहावी." मी ती मंडळीसमोर वाचली नाही. बाजूला ठेवली आणि प्रार्थना संपल्यावर तुम्हाला सांगितलं की ज्याला मंडळीनं काढलं त्याचं नाव पश्चात्ताप होईपर्यंत साखळीत घेता येत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. मला वाटलं, बाईला पटलं. मी घरी जाऊन बायकोला, लीलाला, म्हणालोसुद्धा की मावशी अडाणी आहेत पण आज्ञाधारक आहेत. लीलानं माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटली.

आणि मग मृदुला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डब्यात तुमची चिठ्ठी आली: "मृदुला, वय २६. दवाखान्यात आहे. डावा हात उठत नाही. आईशी बोलत नाही. घरी यावी." मी ती सकाळी जमलेल्या मंडळीसमोर खणखणीत आवाजात वाचली. मृदुला कोण, हे मी विचारलं नाही. तुमचा दवाखान्यातला इतका वावर, असेल कुणी ओळखीची. त्या शुक्रवारी बारा घरांनी मृदुलासाठी उपास धरला. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तीच चिठ्ठी, पुन्हा उपास. दीनाबाई तर तिचं नाव घेऊन हुंदके देत होत्या. मी त्यांची पाठ थोपटली.

तिसऱ्या शुक्रवारी मी चिठ्ठी उघडून "मृदुला, वय सव्वीस" एवढं वाचलं आणि बायकांच्या बाजूनं माझ्याच बायकोचा आवाज आला.

"अहो, ती काल शुद्धीवर आली की."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

लीलानं जीभ चावली. दीनाबाईंनी डोळे गच्च मिटले, म्हणजे प्रार्थनेत असल्यासारखे. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. साडेसातच्या सिरियलमधली मृदुला. हॉलमधल्या निम्म्या बायकांना आणि दोन-चार पुरुषांना हे पहिल्या शुक्रवारपासून माहीत होतं. पण सांगायचं कसं? सांगणाऱ्याला आधी कबूल करावं लागलं असतं की आपण ती सिरियल बघतो, आणि वर्षाच्या पहिल्या रविवारी मी सगळ्यांना उभं करून ती न बघण्याचं वचन घेतलं होतं. म्हणून अख्खी मंडळी तीन आठवडे एका न झालेल्या बाईसाठी उपाशी राहिली आणि तोंडातून कुणी शब्द काढला नाही.

हसले नाहीत ते दोघंच, तुम्ही आणि मी.

रविवारी मी त्यावर प्रवचन दिलं. जे नाही त्याच्यापुढे गुडघे टेकणं म्हणजे काय, ते सव्वा तास सांगितलं. नाव घेतलं नाही, पण माझी नजर कुठं होती ते सगळ्यांनी पाहिलं. आणि नवा नियम काढला: यापुढे चिठ्ठीत माणसाचं गाव आणि घर लिहिलेलं पाहिजे, नाहीतर ती वाचली जाणार नाही. त्या दिवसापासून पोरं तुम्हाला 'मृदुलाची आजी' म्हणू लागली. मी त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते थोडं बरंच वाटलं.

सोमवारी तुम्ही दुकानात आलात. मला वाटलं माफी मागायला आलात.

"पास्टर, मला एक सांगा. प्रभू गोष्टी सांगायचा का न्हाई?"

"सांगायचे."

"त्या गोष्टीतली मानसं कोन्या गावची?"

"मावशी, त्या शिकवणीच्या गोष्टी आहेत."

"मी इचारते काय आन् तुमी सांगता काय. घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट तुमी दर साली सांगता, आन् दर साली तुमचा गळा दाटतो. त्या पोराचं गाव सांगा. घर सांगा."

"ते वचन आहे. तुमचं ते साबणाच्या जाहिरातीसाठी चाललेलं नाटक आहे."

"तिची माय रडती, मला बघवंना."

"ती बाई पैसे घेऊन रडते."

"पन डोळ्यातून पानी तर येतं ना?"

मग मी चिडलो. म्हणालो की अशा भोळेपणानंच घरं बुडतात, आणि काही घरं बुडालेली आपण पाहिली आहेत. हे बोलायला नको होतं. तुम्ही मशीनकडे बोट केलंत आणि म्हणालात, "त्या ऑर्केस्ट्राचं हँडबिल बी हितूनच निघालं व्हतं. करुनाचा फोटू व्हता त्याच्यावर." मी म्हणालो, मशीनला काय कळतं. "मग मशीनला आना एखाद्या रविवारी हॉलमधी," असं म्हणून तुम्ही उठलात. तेवढ्यात सातबाराच्या प्रती काढायला माणूस आला. "इचार करा पास्टर," तुम्ही पायरीवरून म्हणालात. मी नऊ रुपये सुटे शोधत होतो, विचार काही केला नाही.

पुढे चार वर्षं हा वाद आपण अधूनमधून काढला आणि अर्धवट सोडला. तुम्ही तुमचा दोन ते तीनचा तास सोडला नाहीत. रविवार मात्र चुकू लागला होता, महिन्यातून एक. गुडघे धरतात म्हणायचात. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो की मावशींच्या गुडघ्यांना बरोबर महिन्याचा एकच रविवार कळतो. तेव्हाही मंडळी हसली होती.

आता दफनाचं सांगतो. करुणा आली होती. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होती, आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं, आणि या असं कुणी म्हणत नव्हतं. शेवटी लीला गेली आणि तिला हाताला धरून आत आणलं. माती द्यायची वेळ आली तेव्हा तिनं उजव्या हातानं माती घेतली. सगळे दोन्ही हातांनी ओंजळ भरून देत होते. तिचा डावा हात पोटाशी दुमडलेला होता आणि शेवटची दोन बोटं आत वळलेली. मी पुस्तक उघडून उभा होतो. पुढचा शब्द मला सापडेना. लोकांना वाटलं पास्टरांना भरून आलं.

नंतर तुमच्या घरी चहा झाला. ती पडवीत एकटी बसली होती, कप उजव्या हातात. मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, हाताला काय झालं.

"शॉक लागला होता, पास्टर. जत्रेतल्या स्टेजवर, माइकचा. बीडला दवाखान्यात होते. चार वर्षं झाली."

"तुझं वय काय होतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असणार. "सव्वीस."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तुमचं आणि तिचं तेव्हा बोलणं नव्हतं. तिनंच निरोप पाठवला होता की येऊ नको. ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्यानं तुम्हाला फोन केला होता. तुम्ही दवाखान्याच्या दारापर्यंत गेलात आणि तिचा हट्ट मोडायला नको म्हणून दारातूनच परत आलात, हे तिला पुढे कुणाकडून तरी समजलं. सहा महिन्यांनी ती स्वतः घरी आली. तुम्ही काही विचारलं नाहीत. तेल गरम केलंत आणि हात चोळायला घेतलात. तेव्हापासून ती महिन्यातून एका रविवारी येत होती, उपासनेच्या वेळेला, कारण त्या वेळी आपली सगळी माणसं हॉलमध्ये असतात आणि गल्लीत बघणारं कुणी नसतं. पाचही बोटं जाणार असं डॉक्टर म्हणाले होते, तीन परत आली. डॉक्टरांनी व्यायामही सांगितला होता, असं ती म्हणाली. मी दोन्ही लिहून ठेवतो.

साखळीतल्या मृदुलाबद्दल तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही.

वाचून झालेल्या चिठ्ठ्या मी दुकानातल्या पावत्यांसारख्या तारेला टोचून ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन ती जुनी तार काढली. तिन्ही चिठ्ठ्या होत्या. लीलाला विचारलं, "त्या सिरियलमधल्या मृदुलाचा हात कधी गेला होता?"

ती म्हणाली, "हात? तिला गाडीनं उडवलं होतं. नुसती बेशुद्ध होती. हाताचं काही नव्हतं. मला तेव्हा वाटलं मावशींनी काहीतरी मिसळलं."

"आणि आईशी बोलत नव्हती?"

"आईच्या मांडीवर डोकं होतं तिचं, अहो."

तुम्ही काहीच मिसळलं नव्हतं. करुणाचं नाव मी घेणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी जे घेईन असं एक नाव तुम्ही शोधलंत, आणि पोरीच्या हातासाठी बारा घरांना तीन शुक्रवार उपाशी ठेवलंत. मला फसवून. मग पितळ उघडं पडलं तेव्हाही तुम्ही खरं सांगितलं नाहीत. भोळी म्हणवून घेतलंत, मृदुलाची आजी म्हणवून घेतलंत, सव्वा तास माझं प्रवचन ऐकलंत. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. पण ते वाक्य बोललं असतं तर मी तुम्हालाही साखळीतून काढलं असतं, पुढचे शुक्रवारही गेले असते आणि तुमचा दोन ते तीनचा तासही, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला केलात. मी तसा पास्टर होतो, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं.

मला तुमचा राग आला, मावशी. दोन दिवस आला. मला सांगितलं का नाही, म्हणून. नंतर आठवलं की तुम्ही सांगितलं होतं. करुणाला काढल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, मोठ्या अक्षरात, खऱ्या नावानं. मी बाजूला ठेवलं. सिरियलबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. ऑर्केस्ट्राबद्दलही फारसं नाही. तुम्ही असता तर त्यावर आपण अजून भांडलो असतो. पण करुणाचं चुकलं की नाही हा प्रश्न वेगळा आणि माझं चुकलं हे वेगळं. माझं चुकलं. हे मी तुम्ही स्टुलावर बसलेल्या असताना म्हणायला हवं होतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

गेल्या शनिवारी करुणाला फोन केला. म्हणालो, "तुझा पत्ता पाहिजे."

"कशाला?"

"शुक्रवारच्या साखळीत तुझं नाव घ्यायचं आहे. चिठ्ठीत पत्ता लागतो."

"असा नियम आहे?"

"आहे. मी केला."

ती म्हणाली, "पास्टर, पत्त्याशिवाय पोचत नाही का?" तिला काही माहीत नव्हतं, तिनं सहज विचारलं. पण आवाज तुमचा होता. मी म्हणालो, राहू दे पत्ता. रजिस्टरमध्ये तिचं नाव मी त्याच रात्री पुन्हा लिहिलं. ती येईल न येईल, तो तिचा प्रश्न.

रविवारी मी मंडळीला सगळं सांगितलं. तिन्ही चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. 'मृदुलाची आजी' म्हणणारी पोरं आता मोठी झाली आहेत, ती खाली बघत होती. मग सांगितलं की गावाचा आणि घराचा नियम आजपासून बंद. उपासना संपली आणि सगळे नेहमीसारखे घरी गेले. मला वाटलं, कुणाला पर्वा नाही.

काल शुक्रवार होता. दोन ते तीनचा तास मी घेतला. पत्रे तुम्ही म्हणायचात त्याहून जास्त तापतात. आधी करुणाची चिठ्ठी वाचली. माझ्याच अक्षरात होती: करुणा, वय तीस, डावा हात, दोन बोटं. मग सकाळी न उघडता ठेवलेला डबा उघडला. एरवी त्यात पाच-सहा चिठ्ठ्या असतात. काल तो झाकण लागेना इतका भरला होता. पल्लवी, नवरा हात उचलतो. आर्यन, घरी सांगू शकत नाही. इंद्रायणी, पोटात मूल आहे, लग्न झालेलं नाही. एकाही चिठ्ठीवर गाव नव्हतं, घर नव्हतं, आणि यातलं एकही नाव आपल्या मंडळीत नाही. अक्षरं मात्र बरीचशी ओळखीची होती.

लीला पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आली होती. मी तिला हळूच विचारलं, "ही सगळी कुठल्या सिरियलमधली?"

ती म्हणाली, "तुम्ही नाव घ्या."

मी एकेक घेतलं. तीन वाजून गेले तरी चिठ्ठ्या संपल्या नव्हत्या. दीनाबाई येऊन शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी उरलेल्या अर्ध्या स्वतःकडे ओढून घेतल्या.